आदिवासी घरांवरून संग्रहालय: नुसता आकार घ्यायचा की कूडच उभा करायचा?

आदिवासी घरांवरून संग्रहालय बेतायचं ठरलं की रस्ते दोनच. घराचा आकार उचलायचा आणि बांधकाम आजच्या पद्धतीनं करायचं. नाहीतर घर जसं बांधतात तसं, बांधणाऱ्यांच्याच हातून उभं करून घ्यायचं.

पहिल्या रस्त्यावरचं देखणं काम म्हणजे प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावरचं, वास्तुविशारद रेन्झो पियानोचं चिबाऊ सांस्कृतिक केंद्र (१९९८). तिथल्या मूळ रहिवासी कनाक लोकांच्या झोपड्यांवरून सुचलेले, मुद्दाम अर्धवट ठेवलेले उंच लाकडी सांगाडे, आणि पट्ट्यांच्या फटींतून खेळवलेलं समुद्रावरचं वारं. दुसऱ्यासाठी भोपाळचं इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय बघा. तिथली घरं त्या त्या समाजातल्या लोकांनी स्वतः येऊन बांधलीत.

आमच्या छोट्या कामात दोन्ही होतं. मुख्य दालनाला मातीसारखं दिसणारं टेक्स्चर, म्हणजे खरबरीत रंगाचा थर; आवारात कारवीच्या कुडाचं, म्हणजे कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपलेल्या भिंतींचं वारली घर. माझं मत फिरलं ते ठिगळांपायी. पावसाळा सरला की टेक्स्चरला पोपडे येतात. रंगारी तोच डबा, तोच शेड नंबर आणतो, तरी ठिगळ लांबूनही डोळ्यांत खुपतं. शेवटी अख्खी भिंत रंगवा. कुडाला भेग गेली तर शेणमाती कालवून हात फिरवला की झालं. वाळल्यावर जुनं कुठलं, नवं कुठलं, सांगता येत नाही. लिंपायला येणाऱ्या मावशी आधी बोटांच्या पेरांनी भिंत ठोकत जातात. आवाज पोकळ आला की तिथली माती कारवीपासून सुटलेली, तेवढीच खरवडायची. हे ज्ञान टेक्स्चरच्या भिंतीला कशाला लागेल?

अर्थात, जुनं कापड, कागद, लाकडी मुखवटे ठेवायचे असतील तर मी कूड सुचवणार नाही. वाळवी, दमटपणा, आगीचे नियम, सगळंच अंगावर येतं. ठेंगण्या दारातून व्हीलचेअर जात नाही, तेही आहेच. अशा वेळी संग्रह पक्क्या इमारतीत आणि घरं तिच्या आत किंवा भोवती, ही तडजोड बरी. मानव संग्रहालयाच्या शेजारीच २०१३ मध्ये उघडलेलं, वास्तुविशारद रेवती कामथ यांचं जनजातीय संग्रहालय त्यासाठी एकदा पाहून घ्या.

तरी निवड माझ्यावर सोडलीत, तर निदान एक दालन तरी मी कुडाचंच करीन. फक्त अंदाजपत्रकात लिंपणाची मजुरी दरवर्षी धरता येणार आहे का, ते आधी विचारा. नसेल, तर कुडाच्या नादी न लागलेलं बरं.