डबीवरचे स्टिकर

दोन वर्षांपूर्वी माझी खालची उजवी दाढ काढावी लागली. शेजारचे धडधाकट दात घासून ब्रिज बसवण्यापेक्षा इम्प्लांट बरे, असे ठरवून मी वर्तमानपत्रातून आलेल्या एका पत्रकावरून दवाखाना गाठला. ‘स्विस इम्प्लांट, आयुष्यभराची गॅरंटी, तीन दिवसांत पक्का दात’ असे त्यावर छापले होते. डॉक्टरांनी तोंड पाहण्याआधीच मला काउंटरशेजारच्या काचेच्या खोलीत नेण्यात आले आणि तिथल्या बाईंनी कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवत सांगितले, “काका, एरवी पंचावन्न हजार, आज पूर्ण भरलेत तर अडतीस.” मी भरले. बत्तीस वर्षे बँकेत इतरांना ‘वाचून मग सही करा’ असे सांगण्यात घालवली, पण पावतीवर ‘दंतोपचार’ एवढा एकच शब्द आहे हे मला घरी आल्यावरही दिसले नाही.

इम्प्लांट म्हणजे दात नव्हे, दाताचे मूळ, हे मला फार उशिरा उमगले. जबड्याच्या हाडात टायटेनियमचा स्क्रू बसवतात, त्यावर अबटमेंट नावाचा छोटा खुंट आणि त्यावर कॅप. हाड या धातूला घट्ट धरते, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांच्या प्रयोगांतून पुढे आले आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले. मात्र ही पकड यायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने लागतात, वरच्या जबड्यात बहुधा त्याहून अधिक. निवडक रुग्णांत कॅप लगेच बसवतातही, पण त्यासाठी हाडाची जाडी आणि खालच्या जबड्यातून जाणाऱ्या नसेपासूनचे अंतर आधी नीट मोजावे लागते, ज्यासाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचे त्रिमितीय चित्र देणारा स्कॅन, करतात. माझा केवळ साधा ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा सपाट एक्स-रे, काढला गेला. मला मधुमेह आहे का, तीन महिन्यांची सरासरी साखर किती, हे कोणीही विचारले नाही. स्क्रू बसवणारे ‘स्पेशालिस्ट’ फक्त रविवारी येत असत. त्यांचे नाव मला कळले नाही आणि केसपेपरवर त्यांची सही वा नोंदणी क्रमांकही नव्हता.

तिसऱ्या दिवशी कॅप बसली, पाचव्या महिन्यात ती हलू लागली. दवाखान्यात आधी सांगण्यात आले की गॅरंटी स्क्रूची आहे, कॅपची नाही, आणि स्क्रूही हलतो आहे असे दिसल्यावर, “काका, तुम्हाला शुगर आहे ना, मग गॅरंटी लागू होत नाही.” जी गोष्ट पैसे घेताना कोणालाच महत्त्वाची वाटली नव्हती, ती पैसे परत मागताच सर्वांना आठवली.

खरा प्रकार उघडकीस आला तो दुसऱ्या दंतवैद्यांकडे. कॅप काढल्यावर त्यांनी खुंटाचा स्क्रू सोडवण्यासाठी त्या स्विस कंपनीचा बारीक ड्रायव्हर लावला, तो बसेना. प्रत्येक कंपनीची खाच वेगळी असते म्हणून त्यांनी ट्रेमधले एकेक ड्रायव्हर लावून पाहिले. आरशात मला ते नुसतेच गोल फिरताना दिसत होते. एक्स-रेमधला स्क्रूचा आकारही त्या कंपनीच्या नमुन्याशी जुळत नव्हता. भोवतालचे हाड झिजले होते, त्यामुळे शेवटी सगळेच काढावे लागले.

इम्प्लांटच्या सीलबंद डबीवर कंपनीचे नाव, व्यास, लांबी आणि लॉट क्रमांक असलेली, सोलून काढता येणारी स्टिकरे असतात, ही गोष्ट मला आधी कोणी सांगितली असती तर अडतीस हजार वाचले असते. डबी आपल्यासमोर उघडावी आणि एक स्टिकर आपल्या कार्डावर लावून द्यावे, अशी मागणी करण्यात संकोच बाळगू नये. मी तो बाळगला. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि पावतीत इम्प्लांट, अबटमेंट, कॅप असे वेगवेगळे लिहून घ्यावे.

जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि १९१५ या हेल्पलाइनवरून मार्गदर्शन मिळते. माझी तक्रार मुदतीत दाखल झाली आहे. हाड भरून आल्यावर बसवलेल्या नव्या इम्प्लांटचे स्टिकर माझ्या कार्डावर आहे; तक्रारीच्या अर्जात मात्र पहिल्या इम्प्लांटच्या कंपनीपुढे मला ‘माहिती उपलब्ध नाही’ असे लिहावे लागले.