लूपर पेडल, आठ महिन्यांनंतर

लूपर घेतला तेव्हा डोक्यात एवढंच होतं की घरी एकट्यानं गिटारचा सराव करताना मागे कॉर्ड्‌स धरायला कुणीतरी हवं. एकच फूटस्विच असलेलं साधं पेडल, सात हजारांच्या आत मिळालं. एकदा दाबलं की रेकॉर्ड, पुन्हा दाबलं की तेच फिरत राहतं, तिसऱ्यांदा दाबलं की त्यावर दुसरा थर. पटकन दोनदा दाबलं की बंद. माहितीपत्रक अजून खोक्यातच आहे.

पहिले दोन महिने मी ते वाया घालवले असंच म्हणेन. ए हा सा धरून बारा बारचा ब्लूज (एक बार म्हणजे चार ठोके), मेट्रोनोम मिनिटाला 60 ठोक्यांवर, म्हणजे एक फेरी 48 सेकंदांची. ती लावायची आणि पाचव्या फ्रेटवरची मायनर पेंटाटोनिक, म्हणजे पाच सुरांची सरगम, अर्धा-अर्धा तास हाणत बसायची. बोटं मोकळी झाली. सोलो होता तिथंच राहिला. मग एकदा सोलोचाही थर चढवला आणि गिटार बाजूला ठेवून ऐकला. चौथ्या बारलाच मी पहिल्या तारेवर 15व्या फ्रेटला पोचून फुल बेंड मारून, म्हणजे तार ओढून सूर पूर्ण एक स्वर वर चढवून, मोकळा झालो होतो. उरलेले आठ बार नुसती झटापट. बाबा बाहेर पेपर वाचत होते. भजनात पेटी वाजवण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. म्हणाले, "पहिल्याच आवर्तनात वरचा सा लावून बसलास. आता पुढं काय करणार?" तो बेंड जी वरून ए वरच जातो, म्हणजे सा म्हणायला हरकत नव्हती.

तेव्हापासून लूपच्या तीन फेऱ्या धरून वाजवतो. पहिल्या फेरीत तीनच सूर, आणि दोन बार वाजवले की दोन बार गप्प. ब्लूजचे अमेरिकन गायक-गिटारवादक बी. बी. किंग गाताना गिटार वाजवत नसत, ओळ संपली की गिटार बोलायची. मी ती ओळ मनात गातो आणि मगच उत्तर देतो. रिकामा बार चार सेकंदांचा असतो. हातात गिटार असताना चार सेकंद गप्प बसून बघा! मी शेवटी उजवा तळवा तारांवर ठेवायला लागलो, नाहीतर बोटं ऐकतच नव्हती. कमी सूर वाजवायचे म्हटल्यावर कुठला सूर हा प्रश्न आपोआप आला. डी7 हा कॉर्ड आला की दुसऱ्या तारेचा सातवा फ्रेट, एफ शार्प, तेवढा एकच लावून धरायचा. ए7 वर तिसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटचा सी किंचित वर ढकलायचा, पूर्ण सी शार्पपर्यंत नाही. पूर्वी हे सूर माझ्या वेगात चिरडले जायचे. 15वा फ्रेट आता तिसऱ्या फेरीतच, तोही एकदाच. विलंबित ख्यालात गायक तार षड्जाच्या उंबऱ्यावरून किती वेळा परत फिरतो, ते हल्ली जास्त लक्ष देऊन ऐकतो.

आता तक्रारी. स्विच खटकन वाजतो, शांत खोलीत फारच. पाय जरा उशिरा पडला की लूप लंगडतो आणि प्रत्येक फेरीला लंगडतो, पण त्यात दोष माझ्या पायाचा. स्वस्त अडॅप्टरवर घूं-घूं येत होती, चांगला घेतल्यावर थांबली. पेडल ओव्हरड्राइव्हच्या (आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलच्या) पुढे, अँपच्या बाजूला लावा. आधी लावलंत तर कॉर्ड्‌स आणि सोलो दोन्हींचा एकत्र चिखल होतो.

खरी अडचण मात्र वेगळी आहे, ती कुठल्याच लूपरमध्ये सुटणार नाही. तो तुमचं ऐकत नाही. तुम्ही चढलात तरी तो तेवढाच. गेल्या महिन्यात बँडच्या रिहर्सलला दुसऱ्या फेरीतच ड्रमर राइड झांजेवर गेला, जोर वाढवला, आणि मी आपला इमानदारीत रिकामे बार मोजतोय! बेसवाल्यानं भुवया उंचावल्या. घरी पाठ केलेला संयम तिथं नुसता थंडपणा वाटला. म्हणून आता आठवड्यातून तीनच दिवस लूपर, बाकी माणसं मिळतील तेव्हा माणसं.

घ्यावा का? सोलो वाजवत असाल तर घ्या, पण सोलोचाही थर चढवून ऐकणार असाल तरच. नुसत्या कॉर्ड्‌ससाठी फोनवरचा बॅकिंग ट्रॅक पुरतो. माझा तिसऱ्या फेरीतला बेंड अजून कधीकधी पाव सूर खालीच राहतो. बाबांना ते दुसऱ्या खोलीतूनही कळतं.