३४१३ लिहिलं होतं, मी ३४४० वाचलं

मॉनिटरचे ३१,५००, टॅक्सीचे ५४०, नंतर गळ्यात मारलेल्या केबलचे ८५०. एकूण ३२,८९० रुपये. (घरी मी २२,००० सांगितलेत. तो विषय वेगळा.)

लॅमिंग्टन रोड, म्हणजे मुंबईचा कॉम्प्युटर बाजार, मला नवा नाही. वीस वर्षं तिथून रॅम, हार्ड डिस्क, कीबोर्ड आणतोय. जुना माल नवा म्हणून कसा खपवतात, कच्चं बिल कशासाठी देतात, हे मीच चार लोकांना सांगत आलोय. म्हणूनच तिथेच मॉनिटर घेताना फसलो, हे जास्त लागलंय.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, घर भांडुपला. आठ-आठ कॅमेरा ट्रॅकची टाइमलाइन साध्या स्क्रीनवर मावत नाही, म्हणून ३४ इंची अल्ट्रावाइड (जास्त रुंद) मॉनिटर हवा होता, ३४४० बाय १४४० पिक्सेलचा. त्यातही पॅनेल, म्हणजे पडदा, आयपीएस प्रकारचा घ्यावा की व्हीए, यात पंधरा दिवस गेले. रंगाच्या कामाला आयपीएस बरा. व्हीएचा काळा रंग खोल असतो, पण गडद सीनमध्ये हलणाऱ्या वस्तूमागे शेपूट राहतं. भाचा मात्र वक्र व्हीए आणि १४४ हर्ट्झवर (सेकंदाला १४४ वेळा बदलणारं चित्र) अडून, कारण सुट्टीत गेम खेळायला तो माझ्याकडेच असतो. पंधरा दिवस आम्ही मामा-भाचे पॅनेलवरून भांडलो, आणि दुकानात गेल्यावर मी साधा आकडा नीट वाचला नाही.

११ ऑक्टोबर २०२५, शनिवार, दिवाळीआधीची गर्दी. बाकी दुकानांत ३८,५०० च्या खाली कोणी येईना, इथे ३१,५००. मी कारण विचारलं. विचारलं होतं, हे लक्षात घ्या. दुकानदार म्हणाला, "साहेब, २२ सप्टेंबरपासून मोठ्या मॉनिटरवरचा जीएसटी २८ चा १८ झालाय, पेपर वाचत नाही का?" ती गोष्ट शंभर टक्के खरी आहे. ३२ इंचांवरच्या मॉनिटरचा कर खरंच उतरलाय. खऱ्या बातमीत गुंडाळून थाप मारली की गळ्याखाली उतरते. आणि ज्या जीएसटीमुळे भाव उतरला म्हणतो, तो जीएसटी बिलावर कुठेच नव्हता. हातात आली ती 'एस्टिमेट' लिहिलेली चिठ्ठी. "पक्कं बिल सोमवारी व्हॉट्सअ‍ॅप करतो." कोणता सोमवार ते विचारायला हवं होतं.

आता तो क्षण, जो आठवला की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. मी आंधळेपणाने घेतला नाही हो. डेमो पीसीला जोडायला लावला, डिस्प्ले सेटिंग उघडायला लावलं. समोर आकडा होता ३४१३ × १४४०. माझ्या डोळ्यांनी बघितला. डोक्यात पंधरा दिवस ३४४० घोळत होतं, तेच वाचलं. अक्षरं किंचित धुरकट वाटली, तेही बोललो. तो म्हणाला, "बॉस, नया पॅनेल है, आँख बंद करके ले जाओ." नेलाच.

३४१३ हा आकडा येतो कुठून, ते भाऊबीजेला भाच्याने सांगितलं. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) डीएसआर नावाची सोय असते. स्क्रीन लहान असली तरी कार्ड चित्र मोठं तयार करतं आणि आकसवून स्क्रीनवर टाकतं. २५६० बाय १०८० च्या मॉनिटरवर ती १.७८ पट लावली की विंडोजमध्ये ३४१३ बाय १४४० दिसतं. गेमसाठी छान सोय आहे, फसवायला त्याहून छान. त्याच सेटिंगमध्ये खाली 'अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले' उघडा, तिथे डेस्कटॉप मोड आणि अ‍ॅक्टिव्ह सिग्नल मोड वेगवेगळे दिसतात. सिग्नलचा आकडा बघा, वरचा नाही. दहा सेकंदांचं काम, मी केलं नाही.

मग बारा दिवस काय करत होतो? घरी पहिल्याच दिवशी २५६० दिसलं. फोन केला, तर म्हणे एचडीएमआय केबल जुनी आहे, डीपी (डिस्प्लेपोर्ट) केबल लावा. जुन्या एचडीएमआयला अल्ट्रावाइड झेपताना अडचण येते हे मलाही माहीत, म्हणून पटलं. ८५० ची केबल त्याच्याकडूनच घेतली. मग म्हणे ड्रायव्हर. मग फोन बंद. शेवटी भाच्याने मागचं स्टिकर नखाने उचललं. खाली दुसरं स्टिकर, दुसरं मॉडेल, २५६० बाय १०८० चं. "मामा, हे तू बघितलं नाहीस?" ४९ लाख ५३ हजार ६०० पिक्सेलचे पैसे भरून मी २७ लाख ६४ हजार ८०० पिक्सेल घरी आणले होते.

दुकानदार: "आम्ही हा पीस दिलाच नाही." क्यूआर कोडवर नाव दुकानाचं नव्हतं, कुणा बाईचं होतं. पैसे पाठवताना स्क्रीनवर येणारं नाव वाचत जा.

पोलिसांकडे गेलो. घराजवळच्या ठाण्यात, "व्यवहार तिकडे झाला, तिकडे जा." तिकडे गेलो तर, "तुम्ही राहता कुठे?" हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावी लागते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ आहे, असं म्हटल्यावर साहेबांनी वर बघितलं. "वकील आहात?" नाही म्हटलं. "मग बसा." दोन तास दहा मिनिटं बसलो. एका हवालदाराने चिठ्ठी उलटसुलट केली आणि विचारलं, "स्क्रीन चालते ना? मग फसवणूक कसली?" आता याला पिक्सेल कसे समजवायचे! मी म्हटलं, साहेब, सोनं म्हणून पितळ दिलं तर? तो म्हणाला, "पितळसुद्धा महाग झालंय." सगळे हसले. तिसऱ्या खेपेला अर्जावर पोचशिक्का मिळाला, बस तेवढाच. गुन्हा नाही, जबाब नाही. वर उपदेश, की शिकलेली माणसं असं कसं करता? अहो, शिकलोय म्हणून तर सेटिंग उघडायला लावलं!

स्वतःचा लॅपटॉप घेऊन जा, दुकानाच्या पीसीवर विश्वास नको. सिरियल नंबर खोक्यावर, स्टिकरवर आणि मॉनिटरच्या मेनूत जुळतो का बघून फोटो काढा. "खोकं गोडाऊनमध्ये भिजलं" ऐकलं की उठा. कार्डावर दोन टक्के जादा मागतोय? द्या. पक्कं बिल नाही तर माल नाही. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन लावा, माझ्यासारखे बारा दिवस ड्रायव्हर टाकत बसू नका.

आता ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय. पाच लाखांपर्यंत फी नाही, हेच काय ते फुकट. तारीख अजून यायचीय. ते वरचं स्टिकर प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलंय. आणि मॉनिटर वापरतोच आहे, करणार काय, चार लग्नं कापायची बाकी आहेत.