जुनी हार्ड डिस्क, नवं एन्क्लोजर: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगते: डिस्क ठणठणीत आहे. खराब झालं होतं ते तिच्याभोवतीचं सगळं: अ‍ॅडाप्टर आणि एन्क्लोजर, म्हणजे डिस्क ज्यात बसवून यूएसबीला जोडतात ती पेटी.

साडेतीन इंची, ३ टीबीची एक्स्टर्नल डिस्क. मोठी फाइल कॉपी करताना मध्येच गायब व्हायची, टक्‌ असा आवाज यायचा आणि पुन्हा फिरायला लागायची. असा आवाज ऐकला की डिस्क गेली असंच वाटतं, पण वीज कमी पडली तरी तो येतो. म्हणून आधी स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती, काढला. ५ आणि १९७ क्रमांकाचे आकडे, म्हणजे बदललेले आणि संशयास्पद सेक्टर (डेटा साठवायचे छोटे कप्पे), दोन्ही शून्य. संशय अ‍ॅडाप्टरवर गेला. मल्टीमीटरवर १२ व्होल्ट बरोबर दिसत होते, पण नुसता अ‍ॅडाप्टर मोजून काही कळत नाही. डिस्क फिरायला लागताना करंट एकदम जास्त लागतो आणि जुना अ‍ॅडाप्टर तिथेच कमी पडतो. तेवढ्याच व्होल्टचा, तीच पोलॅरिटी (पिनच्या प्लस-मायनसची मांडणी) असलेला नवा लावला. टकटक थांबली, तरी जास्त वेळ कॉपी चालली की डिस्क गायब व्हायचीच. तेव्हा मात्र एन्क्लोजरच बदललं.

नव्यात घालताच विंडोज म्हणालं, फॉरमॅट करा. इथे हात आवरा! जुन्या एन्क्लोजरचा बोर्ड, म्हणजे डिस्क आणि यूएसबी यांना जोडणारं आतलं सर्किट, २ टीबीच्या वरची डिस्क ४०९६ बाइटच्या सेक्टरने दाखवत होता, नवा ५१२ च्या. त्यामुळे पार्टिशन टेबलचा, म्हणजे डिस्कचा कुठला भाग कुठे सुरू होतो त्या यादीचा, हिशेबच जुळत नाही. डेटा जागच्या जागी असतो. डिस्क परत जुन्या एन्क्लोजरमध्ये घातली, थोड्या थोड्या फाइल्स दुसऱ्या डिस्कवर काढल्या, मधून मधून बोर्ड थंड होऊ दिला, आणि सगळं उघडून पाहिल्यावरच नव्यात फॉरमॅट केलं. काही एन्क्लोजर डेटा एन्क्रिप्टही करतात, म्हणजे सांकेतिक रूपात साठवतात, तिथे जुना बोर्ड हाच सहसा सगळ्यात सोपा रस्ता. तो टाकून देऊ नका.

तेव्हापासून एकदाही डिस्क मध्येच तुटलेली नाही. स्पीड यूएसबी ३ च्या मानाने साधाच, कारण मर्यादा डिस्कचीच आहे. तक्रार एकच: थोडा वेळ हात लावला नाही की एन्क्लोजर डिस्कला झोपवतं, आणि पहिली फाइल उघडायला काही सेकंद लागतात. ही सवय बोर्डच्या फर्मवेअरमधली (त्यात कायमच्या भरलेल्या प्रोग्रॅममधली), विंडोजच्या सेटिंगने जात नाही. बॅकअपसाठी चालतं, रोज व्हिडिओ एडिट करणाऱ्यांनी दुसरं बघावं.