कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम लेकुरवाळ्या कर्मचाऱ्याला कितपत पुरतो?

पुण्या-मुंबईतल्या मध्यम आकाराच्या कंपन्या कर्मचाऱ्यांना सर्रास देतात त्या ग्रुप मेडिक्लेम पॉलिसीचं हे परीक्षण. विमा कंपनी कोणतीही असली तरी साचा जवळपास ठरलेला असतो. तीन ते पाच लाखांचं फॅमिली फ्लोटर कव्हर (म्हणजे सगळ्या कुटुंबाला मिळून एकच रक्कम), त्यात कर्मचारी, जोडीदार आणि दोन मुलं. आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरलेले. बाळंतपणाला वेगळी मर्यादा, आणि आईवडील हवे असतील तर बहुतेक ठिकाणी हप्ता पगारातून कापून.

तीन लाखांचे पाच लाख केले की आपण कर्मचाऱ्यांसाठी मोठं काही केलं, असं मालकांना वाटतं. तान्ही मुलं असलेल्या घराला मात्र त्या आकड्यापेक्षा दोन-तीन कलमांचे शब्द जास्त तारतात किंवा बुडवतात.

आधी जमेची बाजू, कारण ती खरोखर मोठी आहे. स्वतःच्या नावावर घेतलेल्या पॉलिसीत बाळंतपणाचा खर्च मिळायला बहुधा दोन ते चार वर्षं थांबावं लागतं. ग्रुप पॉलिसीत बाळंतपणासाठी नऊ महिने थांबण्याची अट सहसा माफ असते, त्यामुळे गरोदरपणात नोकरी बदललेल्या बाईलाही नव्या कंपनीत क्लेम मिळू शकतो. अट माफ आहे का, हे ऑफर लेटर घेतानाच एचआरकडून लेखी घ्यावं. मर्यादा मात्र तोकडी असते. साध्या प्रसूतीला ५०,००० आणि सिझेरियनला ७५,००० रुपये हे आकडे अनेक पॉलिस्यांमध्ये दिसतात, आणि शहरातल्या बऱ्या खासगी हॉस्पिटलचं सिझेरियनचं बिल त्यात बसणं कठीण. प्रसूतीपूर्व तपासण्या आणि सोनोग्राफी याच रकमेतून जाणार की त्यांना वेगळे पैसे आहेत, तेही विचारावं.

सगळ्यात महाग पडणारं कलम नवजात बाळाचं आहे. ‘बाळाला पहिल्या दिवसापासून कव्हर’ असं जवळपास प्रत्येक माहितीपत्रकात असतं. पण ते बाळंतपणाच्या मर्यादेत की कुटुंबाच्या पूर्ण विमा रकमेत? बाळ अपुऱ्या दिवसांचं जन्मलं आणि दोन आठवडे एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात राहिलं, तर बिल लाखांत जातं. पहिल्या प्रकारात ७५,००० मधून सिझेरियन वजा जाता बाळासाठी काहीच उरत नाही, दुसऱ्यात तीन किंवा पाच लाख पाठीशी असतात. मालकाने एकच सुधारणा करायची ठरवली, तर ती हीच करावी. अशी वेळ थोड्याच घरांवर येते, पण ज्या घरावर येते ते कर्जात जातं.

त्याला जोडूनच नाव नोंदवण्याची मुदत. बाळाचं नाव साधारण ३० दिवसांत पोर्टलवर चढवावं लागतं. बारसं, जन्मदाखला, आधार यांची वाट पाहण्यात महिना निघून जातो आणि मग नाव पुढच्या नूतनीकरणापर्यंत लटकतं. नाव ठरलेलं नसलं तरी आईच्या नावाने ‘बेबी ऑफ’ अशी नोंद सहसा चालते, सोबत डिस्चार्ज समरी द्यायची. एचआरने हे काम आईबापांवर सोडूच नये. प्रसूती रजेचा अर्ज आला की अपेक्षित तारीख नोंदवून ठेवावी आणि त्यानंतर आठवड्याने स्वतः फोन करावा.

आता खोलीचं भाडं. लहान मूल ॲडमिट झालं की आईला सोबत राहावंच लागतं, म्हणून बहुतेक जण स्वतंत्र खोली घेतात. पॉलिसीत मात्र ‘विमा रकमेच्या १ टक्का’ लिहिलेलं असतं, म्हणजे तीन लाखांवर दिवसाला ३,००० रुपये. समजा ६,००० ची खोली घेतली आणि मूल चार दिवस राहिलं. खोलीचे १२,००० तर खिशातून गेलेच. शिवाय डॉक्टरांची फी, नर्सिंग, शस्त्रक्रियेचा खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मा कापला जातो. तो ४०,००० असेल तर आणखी २०,००० गेले. औषधं, तपासण्या, इम्प्लांट आणि आयसीयूचा आकार यांवर अशी प्रमाणशीर कपात करता येत नाही, आणि जे हॉस्पिटल खोलीनुसार दर बदलत नाही तिथेही नाही. कपातीचा तपशील हाती आला की या ओळी ताडून पाहाव्यात. उपाय सोपा आहे: टक्केवारी काढून ‘सिंगल प्रायव्हेट एसी रूम’ असे शब्द घालून घ्यावेत.

कॅशलेस, म्हणजे विमा कंपनीने हॉस्पिटलला थेट पैसे देण्याची सोय, पूर्वीपेक्षा सुधारली आहे. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या नियमांनुसार मंजुरीचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. ठरलेल्या शस्त्रक्रियेसाठी दोन-तीन दिवस आधी टीपीएला, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेला, कागद पाठवावेत.

ओपीडी, म्हणजे ॲडमिट न होता घेतलेले उपचार, बहुतेक ठिकाणी कव्हरमध्ये नसतेच, आणि मुलांचा बराचसा खर्च तिथेच होतो. बीसीजी, पोलिओ, पेंटाव्हॅलंट, रोटा, गोवर-रुबेला या लसी सरकारी केंद्रात मोफत मिळतात. कांजिण्या, हिपॅटायटिस ए, फ्लू यांच्या लसी सहसा खिशातून घ्याव्या लागतात. स्पीच थेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपी महिनोन्‌महिने चालते, तीही ओपीडीतच मोडते. वर्षाला दहा-पंधरा हजारांची ओपीडी मर्यादा, तीही लसी आणि थेरपी स्पष्ट नमूद करून दिली, तर ती घरोघरी वापरली जाईल.

आईवडिलांच्या कव्हरमध्ये १० ते २० टक्के को-पे (बिलातला आपण भरायचा वाटा) आणि मोतीबिंदूला वेगळी मर्यादा असते. ‘आईवडील किंवा सासूसासरे’ यांतली जोडी निवडण्याचा हक्क स्त्री कर्मचाऱ्यालाही तितकाच हवा.

ज्यांचा पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे त्यांचं काय? ते ईएसआयसीत, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेत येतात. मालक ३.२५ आणि कामगार ०.७५ टक्के भरतो, कुटुंबाच्या उपचारांना ग्रुप पॉलिसीसारखी विमा रकमेची मर्यादा नसते, आणि पात्र स्त्रीला बाळंतपणात २६ आठवडे पूर्ण पगाराइतका लाभ मिळतो. चाकण किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात खरी गफलत होते ती पगारवाढीनंतर. १ एप्रिलनंतर पगार २१,००० च्या वर गेला, तरी सप्टेंबरअखेरपर्यंत वर्गणी चालू राहते. १ ऑक्टोबरला ती थांबते, लाभ त्यानंतर काही महिनेच टिकतात, आणि ग्रुप पॉलिसीत नाव कुणी घातलेलंच नसतं. १ ऑक्टोबरनंतर वाढ झाली तर हीच वेळ १ एप्रिलला येते. पेरोल आणि विम्याची यादी या दोन तारखांच्या आधी ताडून पाहायला हवी, आणि हे काम कुणाचं हे नावानिशी ठरलेलं हवं.

नोकरी सोडली की ग्रुप कव्हर बहुधा शेवटच्या कामाच्या दिवशीच थांबतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि आधी काढलेला प्रतीक्षाकाळही जमेस धरला जातो. पण अर्ज कव्हर संपण्याआधी करायला हवा. राजीनामा स्वीकारल्याच्या ईमेलमध्येच एचआरने त्या अर्जाची लिंक आणि शेवटची तारीख द्यावी.