उलटं लटकायचं, पण कशावर? घडीचं टेबल, मांड्यांचा स्टँड, भिंतीचे दोर आणि ट्रॅक्शन

घरात कुणाची कंबर धरलेली असली आणि इन्व्हर्जन टेबलचा, म्हणजे उलटं लटकून कंबर ताणायच्या टेबलाचा, विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "घडी होते का?" दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तो रास्तच आहे. पण टेबल विकत घ्या नाहीतर ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून बनवून घ्या, घडीचा विचार शेवटी करावा. आधी दोन गोष्टी ठरवायच्या: शरीर कुठे धरलं जाणार आणि डोकं किती खाली जाणार.

सगळ्यांना माहीत असलेला प्रकार म्हणजे घोटे अडकवून फळीवर आडवं व्हायचं आणि हळूहळू डोक्याकडे कलायचं. याचा मोठा फायदा असा की कोन आपल्या हातात राहतो. कमरेच्या वरचं शरीर साधारण निम्म्या वजनाचं असतं, म्हणजे ७० किलोच्या माणसाचं ३५ किलो. आडव्यापासून ६० अंशांवर त्याचा फळीच्या लांबीच्या दिशेने पडणारा भाग सुमारे ३० किलो होतो आणि ३० अंशांवर साडेसतरा. पण हा सगळा ताण मणक्याला मिळत नाही, कारण पाठ फळीला घासते. घर्षणाचा गुणांक, म्हणजे पाठ फळीला किती घासते त्याचं माप, ०.५ धरला तर ३० अंशांवर कमरेला जेमतेम अडीच किलो ताण पोचतो. तोच गुणांक ०.३ असेल तर आठ किलोच्या वर. ६० अंशांवर हा फरक बराच कमी होतो: २१ आणि २५ किलो.

थोडक्यात, फळीला चिकट रेक्झीन लावलं तर कमी कोनावर नुसतं झोपल्यासारखं होतं. "तीस अंशांवर काहीच वाटत नाही" म्हणून लोक थेट साठवर जातात, तेव्हा पुष्कळदा दोष कव्हरचा असतो. डोक्याकडचा अर्धा भाग गुळगुळीत, घट्ट ताणलेल्या कापडाचा असावा. फोमही जाड नको, पाठ रुतली की सरकत नाही.

हाच हिशोब पुढे नेला तर मला वाटतं घरच्या टेबलाला ६० अंशांपुढे जाऊच देऊ नये. पूर्ण उभ्या उलट्या स्थितीत ताण ३५ किलोपर्यंत जातो, पण डोक्यावरचा दाबही वाढतो. शिवाय याचा घडीशी थेट संबंध आहे. १७० सेंटीमीटर उंचीच्या माणसाचा गुरुत्वमध्य तळव्यापासून ९४-९५ सेंटीमीटरवर येतो. पिव्होट, म्हणजे फळी ज्यावर फिरते ती आस, तिथेच धरला तर तिथून टाळू ७५ सेंटीमीटर लांब. पूर्ण उलटं व्हायचं तर पिव्होट जमिनीपासून ८५ सेंटीमीटर तरी वर हवा. साठ अंशांवर थांबायचं असेल तर ७५ पुरतो. स्टँडचे पाय आखूड होतात, वजन कमी होतं आणि घडी पलंगामागे मावते. कोन अडवायला फळीखालून स्टँडला बांधलेला नायलॉनचा पट्टा पुरेसा आहे, पण तो मापाचा आणि शिवून पक्का केलेला हवा. गाठ मारलेला नको.

तोल हा या टेबलाचा जीव आहे. दोन्ही हात मिळून शरीराच्या दहाएक टक्के वजनाचे असतात. ते बाजूने डोक्यावर नेले की गुरुत्वमध्य सुमारे सहा सेंटीमीटर डोक्याकडे सरकतो आणि टेबल कलतं. हात परत खाली घेतले की ते सरळ होतं. म्हणून उंची जुळवायच्या दांड्याची भोकं पाच सेंटीमीटरच्या अंतराने पाडली तर काही उंचीच्या माणसांना हात वर करूनही टेबल हलत नाही आणि काहींना ते धाडकन उलटतं. अडीच सेंटीमीटरचं अंतर ठेवा. भोकं पाडून झाल्यावर कानशीने कड मारायला सांगा, नाहीतर पिन अर्धवट बसते आणि बसलीय असं वाटतं. दहा मिलिमीटरची पिन कापली जायची भीती नाही. भीती आहे ती अर्धवट बसलेल्या पिनेची. म्हणून तिच्याशिवाय एक वेगळा फिरवून घट्ट करायचा नॉब हवाच.

आता घडी. वाकवणारा जोर सगळ्यात जास्त पिव्होटपाशी असतो, तेव्हा फळी मधोमध दुमडायची कल्पना कागदावर छान दिसली तरी तिथे बिजागरी नको. पायाकडचा दांडा एका पाइपात दुसरा पाइप असा आत सरकवावा आणि ए आकाराचा स्टँड वरच्या टोकाला मिटू द्यावा. दोन पायांमधली आडवी पट्टी उघडल्यावर मध्यबिंदूच्या जराशी पलीकडे जाऊन अडकणारी हवी, म्हणजे वजन आलं की ती आणखी घट्ट होते. चाळीस बाय चाळीसचा, दोन मिलिमीटर जाडीचा चौकोनी एमएस (साध्या पोलादाचा) पाइप घरच्या वापराला चालतो. पायाला रबरी बूट घाला, कारण फरशीवर उघडा पाइप सरकतो. उघडल्यावर हातांसकट सव्वादोन मीटर लांबीची जागा मोकळी लागते. खरेदीच्या आधी खोलीत टेप लावून बघा.

घोट्याच्या पकडीची अडचण वेगळीच आहे. ज्याची कंबर आखडली आहे त्यालाच वाकून पाय अडकवायला लावायचं! म्हणून पकडीचा दांडा मांडीपर्यंत लांब असलेलंच टेबल घ्या. गुडघ्याचं किंवा खुब्याचं सांधेरोपण झालेल्यांनी या प्रकाराच्या वाटेला जाऊ नये, कारण सगळं वजन त्या सांध्यांतून जातं.

दुसरा प्रकार मांड्यांवर टेकून, खुब्यात वाकून लटकायचा. घोटे मोकळे, घर्षण नाही, घडीही सोपी, कारण फिरणारा भाग नसतो. बनवून घ्यायला हाच सगळ्यात स्वस्त पडेल. पण धड एकदम पूर्ण खाली जातं, अधलामधला कोन नसतो आणि कंबर पुढे वाकलेली राहते. ज्यांची चकती सरकली आहे आणि ज्यांना पुढे वाकल्यावर पायात कळ जाते, त्यांनी फिजिओला विचारल्याशिवाय या स्टँडला हात लावू नये.

तिसरा पर्याय पुण्यात अनेकांनी पाहिलेला आहे. बी. के. एस. अय्यंगार यांनी १९७५ मध्ये सुरू केलेल्या रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्थेत भिंतीच्या हुकांना दोर असतात आणि कमरेच्या आधाराने त्यांवर उलटं लटकता येतं. जागा शून्य, घडीचा प्रश्नच नाही. शिकवणारं कुणी असेल तर मला हा प्रकार मांड्यांच्या स्टँडपेक्षा उजवा वाटतो. घरी मात्र आधी भिंत तपासा. विटांची किंवा काँक्रीटची असेल तर ठीक. नव्या टॉवरांमधल्या एएसी ब्लॉकच्या, म्हणजे लोक ज्याला सिपोरेक्स म्हणतात त्या भिंतीत साधा फास्टनर माणसाचं वजन पेलत नाही.

दोर आणि मांड्यांचा स्टँड, दोन्हींत डोकं पूर्ण खाली जातं. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या डॉक्टरांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शीर्षासनात डोळ्यातला दाब सुमारे दुप्पट झालेला दिसला. काचबिंदू, पडद्याचा आजार, वाढलेला रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघाताचा इतिहास, ठिसूळ हाडं, गरोदरपण यांपैकी काहीही असेल तर वरचे तिन्ही प्रकार बाद. त्यांनी चौथ्याकडे, क्लिनिकमधल्या ट्रॅक्शनकडे, म्हणजे झोपवून यंत्राने कंबर ताणण्याकडे, डॉक्टरांना विचारूनच जावं. तिथे डोकं खाली जात नाही, ताण किलोंत मोजून लावतात आणि टेबल मधोमध दुभागून सरकत असेल तर घर्षणात फार जात नाही. त्रास एवढाच की प्रत्येक वेळी जावं लागतं, आणि रिक्षातून हादरे खात परत यावं लागतं.

उपयोग किती, हेही पाहून घ्या. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला एकाच चकतीचा त्रास असलेल्या, शस्त्रक्रियेच्या यादीतल्या रुग्णांवर एक छोटी चाचणी झाली, २०१२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. उलटं लटकवलेल्या १३ जणांपैकी १० जणांची शस्त्रक्रिया टळली. आकडा मोहात पाडणारा आहे, पण माणसं किती थोडी! उलट वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात ट्रॅक्शनच्या ३२ चाचण्या एकत्र पाहिल्यावर कंबरदुखीत फारसा फरक सापडला नाही. त्यामुळे टेबलावर मोठी रक्कम घालण्याआधी कुणाचं तरी वापरून बघावं.

वापरून आराम पडला, बीपी आणि डोळे ठीक असले, तर घोट्याच्या पकडीचं, ६० अंशांवर अडवलेलं टेबल घ्या. बनवून घेणार असाल तर फॅब्रिकेटरकडे पहिली चाचणी माणसाऐवजी वाळूच्या गोण्या बांधून, स्वतःच्या दीडपट वजनाने करायला लावा, आणि रंग मारायच्या आधी, म्हणजे वेल्डिंगला तडा गेला तर दिसतो. सुरुवातीला घरात कुणीतरी जवळ हवं. परत येताना फळी आडवी असताना मिनिटभर थांबा, नाहीतर उठल्यावर चक्कर येते. आणि मिटलेल्या टेबलाला पट्टा बांधून ठेवा. लहान मुलांना त्या बिजागरीत बोटं घालायची फार हौस असते.