महिन्याला पंधरा पौंड, अकरा महिने: परदेशी मदतसंस्थांना देणगी देण्याचा अनुभव

लीस्टरला येऊन नऊ वर्षं झाली, पण इथलं आमचं दानधर्म म्हणजे ऑफिसातला कोणी मॅरेथॉन पळणार असेल तर त्याच्या नावावर दहा पौंड, एवढंच. २५ फेब्रुवारी २०२५ ला पंतप्रधान स्टार्मर यांनी परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ वर आणणार असं जाहीर केलं. तिकडे अमेरिकेत यूएसएड या सरकारी परदेशी-मदत संस्थेचा गाशा गुंडाळणं चालूच होतं. जेवताना बायको म्हणाली, "सरकारने हात आखडलाय, आपण निदान काहीतरी लावून टाकू." मार्चपासून दोन डायरेक्ट डेबिट, म्हणजे बँकेतून दरमहा आपोआप जाणारे हप्ते, सुरू केले. त्यातला एक टिकला.

जो टिकला नाही तो आधी सांगतो. एका मोठ्या संस्थेत मुलाचं प्रायोजकत्व घेतलं. आफ्रिकेतल्या एका सात वर्षांच्या मुलीचा फोटो आला, आमच्या लेकीने तो फ्रिजवर चिकटवला. दुसऱ्याच महिन्यात फोन आला, "रक्कम थोडी वाढवता का?" मग पाकिटं यायला लागली. एकात चक्क पेन होतं. आपल्याच पैशाचं पेन आपल्याला भेट! माहितीपत्रक नीट वाचल्यावर कळलं, की पैसा त्या मुलीच्या हातात जात नाही, तिच्या गावातल्या कामांच्या एकत्र निधीत जातो. बहुतेक प्रायोजकत्वांचं असंच असतं आणि खरं तर तेच बरं. एकाच घरातल्या पोराला दप्तर आणि शेजारच्याला काही नाही, हे कुठल्याही गावात वाईटच. पण मग फोटो कशाला? सहाव्या महिन्यात बंद केलं. बँकेच्या ॲपमधून डायरेक्ट डेबिट रद्द करायला अर्धा मिनिट लागलं, लेकीला समजावायला दोन संध्याकाळी. फोन आणि पाकिटं थांबवायला, देणग्या गोळा करण्यावर लक्ष ठेवणाऱ्या फंडरेझिंग रेग्युलेटरची मोफत सोय आहे, फंडरेझिंग प्रेफरन्स सर्व्हिस. संस्थेचं नाव टाकायचं, झालं.

दुसरी देणगी एमएसएफला, म्हणजे डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सला. ही १९७१ सालची फ्रेंच डॉक्टर-पत्रकारांची संस्था. १९९९ चं शांततेचं नोबेल मिळालेली. मला ती आठवत होती गोवंडीमुळे. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर ही मंडळी तिथे बीएमसीबरोबर काम करत होती. फॉर्म भरताना मी शोधत होतो, की पैसा फक्त सुदानला जावा. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या दारफूर भागातल्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला होता, ते डोक्यात होतं. बायको म्हणाली, "त्यांना ठरवू दे ना, आपण काय तिकडचे जिल्हाधिकारी आहोत?" म्हणून कुठलीही अट न घालता पंधरा पौंड लावले.

नंतर वाचनात आलं, की लढाई इतकी जवळ आली होती की झमझममधलं काम त्यांना फेब्रुवारीतच थांबवावं लागलं होतं. एप्रिलमध्ये छावणीच सुदानच्या लष्कराशी लढणाऱ्या आरएसएफ या सशस्त्र दलाच्या ताब्यात गेली. लोक जीव घेऊन दारफूरमधल्याच तवीला गावाकडे पळाले, तिथे एमएसएफचं काम चालू होतं. उन्हाळ्यात तिथे कॉलरा. ऑक्टोबरच्या अखेरीस जवळचं अल-फाशेर शहरही आरएसएफच्या हाती पडलं, पुन्हा लोंढे तवीलाकडेच. झमझमचाच हट्ट धरला असता तर माझे पंधरा पौंड कुठे अडकून बसले असते कोण जाणे. याच संस्थेने २००४ च्या त्सुनामीनंतर आठवड्याभरातच लोकांना सांगितलं होतं, की या कामापुरते पैसे जमले, आता नको. गणपतीची वर्गणी "पुरे झाली" म्हणणारं मंडळ मी तरी पाहिलेलं नाही.

मधल्या काळात म्यानमारच्या भूकंपासाठी डीईसी या ब्रिटिश मदतसंस्थांच्या गटाला एकदाच चाळीस पौंड दिले. पंधरा संस्था मिळून एकच आवाहन करतात, त्यामुळे निवडायचा ताप नाही. मोठ्या आपत्तीला ते, बारमाही कामाला महिन्याचा हप्ता, असं आमचं ठरलंय.

तोटा म्हणाल तर आपला पैसा नेमका कुठे गेला ते दिसत नाही. ईमेल येतात ते बहुतेक वाईट बातम्यांचे, मी काही न उघडताच सोडतो. एक मात्र लक्षात राहिला. कुपोषित मुलाच्या दंडाला रंगीत पट्टी लावतात, घेर ११५ मिलिमीटरच्या खाली असला की लाल. मग त्याला शेंगदाण्याच्या लगद्याची पाकिटं देतात, लगद्यात दूधपूड, साखर, तेल, जीवनसत्त्वं घातलेली. ९२ ग्रॅमचं पाकीट, ५०० कॅलरी, पाणी नको, चूल नको, फ्रीज नको. एका खोक्यात १५० पाकिटं, साधारण एका मुलाचा पूर्ण उपचार.

हे फोनवर साताऱ्याच्या काकांना सांगितलं तर म्हणाले, "आपल्याकडे मेळघाट आहे की, सुदान कशाला?" प्रश्न रास्त आहे. तीच दंडाची पट्टी आपल्या अंगणवाडीतही असते. पण भारताचा कायदा आडवा येतो. माझा पासपोर्ट आता ब्रिटिश, त्यामुळे माझा पैसा 'परदेशी' ठरतो आणि एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी नसलेल्या छोट्या संस्थेला तो घेताच येत नाही. बायकोचा पासपोर्ट अजून भारतीय आहे. भारतीय नागरिकाने परदेशातली स्वतःची बचत बँकेमार्फत दिली तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. म्हणून अमरावतीकडच्या एका संस्थेला आता ती तिच्या खात्यातून पाठवते.

गिफ्ट एड या ब्रिटनच्या करसवलतीचं मात्र उलटं झालं, तिथे बायकोचं नाव अडचणीचं ठरलं. इथे कर भरणाऱ्याने एक पौंड दिला की संस्थेला सरकारकडून आणखी पंचवीस पेन्स मिळतात, म्हणजे आमच्या पंधराचे पावणेएकोणीस. आम्ही एमएसएफचा फॉर्म भरला बायकोच्या नावावर, आणि सप्टेंबरात तिने नोकरी सोडली. पुरेसा कर भरलेला नसेल तर फरकाची रक्कम कर खातं आपल्याकडून मागू शकतं, हे आम्हाला डिसेंबरात कळलं. संस्थेला फोन केला, दहा मिनिटांत काम झालं, वर रक्कम वाढवायचा आग्रहही नाही. या महिन्यापासून डेबिट माझ्या खात्यातून जातोय, आणि पंधराचे वीस आम्ही आपणहून केलेत.